एका बाजूची ऊब

मामा कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. चहाचा पेला, उन्हात उभी केलेली मोटारसायकल, शेजारच्या पोराचं तापलेलं कपाळ. बोटांची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग बोलायचं. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी तळवा माझ्यापुढे धरला. फावड्याने आणि पोत्यांनी तो इतका निबर झाला होता की त्यावरच्या रेषा बुजल्या होत्या.

"ह्या हाताला काय कळत न्हाई आता. इस्तू ठिवला तरी कळायचं न्हाई. मागची बाजू अजून जिती हाय," ते म्हणाले.

सांगलीच्या हळदबाजारात ज्यांचं जाणंयेणं होतं, त्यांनी मामांना पाहिलं असेल. उंची बेताची, खांद्यावर पंचा, डोक्यावर मुळात पांढरी असलेली टोपी. टोपी, पंचा, नखं, वहाणांचे पट्टे, सगळं पिवळं. कितीही धुतलं तरी पिवळंच. "मामा, हळद लागली, नवरी कुठाय?" ही हमालांची रोजची थट्टा होती. त्यावर त्यांचं उत्तरही रोजचं होतं, "तीच हुडकाया निघालोय रं. तुझी मावशी हाय का मोकळी?"

त्यांचं काम पेवं उघडण्याचं. नव्या वाचकांसाठी सांगायला हवं की सांगलीजवळ नदीकाठी हळद जमिनीत ठेवत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत रांजणासारखं पोट, असा खोल खड्डा म्हणजे पेव. हळद भरली की तोंडावर पाचट घालायचं, दगड ठेवायचा आणि वरून माती लिंपायची. लिंपण असं की आत वारा शिरता कामा नये. वारा शिरला तर कीड लागते. मामांच्या लिंपणाला बाजारात नाव होतं. व्यापारी म्हणत, "मामांनी लिंपलं म्हणजे मुंगीला वाट नाही."

उघडण्याचं काम भरण्याहून अवघड. बंद पेवातली हवा मेलेली असते. उघडल्याबरोबर उतरलेला माणूस वर येत नाही. मामा पेव उघडून बाजूला बसत, तंबाखू मळत, कुणी घाई केली की त्याच्याकडे बघतही नसत. बऱ्याच वेळाने दोरीला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला तर पुन्हा बसायचं. जळत राहिला तर उतरायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणी दगावलं नव्हतं. "दिवा जळतोय तवर माणूस जगतोय," असं ते नव्या हमालांना सांगत.

हे वाक्य त्यांनी ज्या दिवसापासून म्हणायचं बंद केलं, त्या दिवसाची बातमी मीच आमच्या पेपरात दिली होती. ती चार ओळींची होती.

त्यांची एकुलती एक मुलगी शालन. तिला माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढच्या एका गावात दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. थंडीचे दिवस होते, घर नदीला लागून, रात्रंदिवस गार वारा. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. मामांनी लाकूड नको म्हटलं, धुराने लेकीचे डोळे चुरचुरतील. त्यांनी चांगला बाभळीचा कोळसा आणला. धूर नाही, वास नाही. मग वाऱ्याचा बंदोबस्त केला. खिडकीला पोतं ठोकलं, फटीत पाचट कोंबलं आणि वरून माती लिंपली. जे हात चाळीस वर्षं पेवं लिंपत होते, त्यांनी ती खोली लिंपली.

बाळाला घेऊन मामी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. शालन अंघोळ करून, शेक घेत पडली होती. दुपारी मामांनी दार किलकिलं करून पाहिलं. झोपलीय असं त्यांना वाटलं. वारा लागू नये म्हणून त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बंद खोलीतल्या कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते आणि ती झोपच वाटते. मामा बाहेर व्हरांड्यात बसले होते. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पर सायेब, इस्तू तर जळत हुता."

डॉक्टरांना त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. मला कळला. पेवात हवा मेली की दिवा विझतो. खोलीतली शेगडी विझली नव्हती. मामांनी दार उघडलं तेव्हा तिच्यातला लाल उजेड पाहिला असणार आणि त्यांच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांच्या कामाने त्यांना सांगितलं असणार, की हवा चांगली आहे.

माणातले व्याही आले, क्रियाकर्म झालं, आणि ते नात घेऊन गेले. जाताना म्हणाले, "पोरगी परत धाडली नसती तरी चाललं आसतं, पर मारून धाडू नये." त्यानंतर मामांना त्या घराचा उंबरा बंद झाला. मामी वर्षातून एकदा झबलं, मग फ्रॉक, मग शाळेचं दप्तर घेऊन जात आणि दुसऱ्या एसटीने परत येत. नातीचं नाव अश्विनी ठेवलं होतं. ते नावही मामांना मामींकडूनच कळलं. आईविना वाढलेल्या त्या पोरीला एकदा डोळे भरून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते बोलून दाखवत नसत. मामी माणातून आल्या की ते फक्त विचारत, "उंची कुठवर आली?" मामी स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवत. आधी गुडघा. मग मांडी. मग कंबर.

आता धामणीबद्दल.

शालन गेल्यावर काही वर्षांनी एका थंडीत बाजारातल्या गोदामात पोती हलवताना धामण निघाली. लांब, पिवळसर, निरुपद्रवी. उंदरांच्या मागे आलेली. एका हमालाने फावडं घातलं. पाठीवर वीतभर जखम झाली. दुसरा घाव बसायच्या आत मामा मध्ये उभे राहिले.

"अरं बिनइखारी हाय ती! तुझ्या पोत्याची राखण करतीया आन तिलाच मारतूस व्हय?"

"मामा, साप हाय त्यो."

"मग तू कोण हायस? फावडं खाली ठिव."

त्यांनी तिला पोत्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाई सापांच्या जाणकार होत्या. कायद्याने साप घरात ठेवता येत नाही. त्यांनी वनखात्याच्या माणसाला बोलावून जखम भरेपर्यंतची परवानगी घेतली. त्या मामांना म्हणाल्या, "थंडीत सापाची जखम भरत नाही. अंगात स्वतःची ऊब नसते त्याच्या. बाहेरून द्यावी लागेल. खालून."

"खालनं?" मामा म्हणाले.

"खालून. जमेल तुम्हाला?"

बाईंना शालनचं काही माहीत नव्हतं. मी तिथे होतो, कारण गोदामातल्या सापाची बातमी करायला गेलो होतो. मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "तुमी सांगशिला तसं करतो. माझ्या मनानं काय करणार न्हाई."

एवढं म्हणूनही पहिल्यांदा त्यांनी मनानेच केलं. मिठाईच्या दुकानाने मोडीत काढलेली काचेची पेटी आणली. तळाच्या मधोमध, काचेला अगदी चिकटवून साठचा बल्ब लावला. वर झाकणाला थर्मामीटर टांगलं. त्यावरचा आकडा बाईंनी सांगितला तेवढाच होता. धामण बल्बच्या वर वेटोळं घालून निवांत पडली. मामा खूश. "पावणीला मानवलं," त्यांनी मला निरोप धाडला. तिचं नाव तेव्हापासून पावणीच पडलं.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी पावणीला उचललं तर पोटाचे खवले लाल झालेले. त्यांनी काचेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"अहो मामा, हवा ठीक आहे, पण काच तापलीय! थर्मामीटर वर टांगून काय उपयोग? साप हवेत राहतो का? जिथे पोट टेकतं तिथे ठेवायचं."

"पर ती उठली न्हाई वं. चटका बसला तर उठंल की."

"नाही उठत. खालून लागलेला चटका सापाला वेळेवर कळत नाही. ऊब आहे म्हणून पडून राहतो. भाजेपर्यंत पडून राहतो."

मामा खाली बसले. पंचा तोंडाला लावला.

"उठायचं कळत न्हाई," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "झोप लागल्यागत वाटत आसंल तिला." मामी चुलीपाशी होत्या, त्या उठून मागच्या दारी गेल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मी त्यांना रस्त्यात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेटी मी स्वतः उभी करून देते."

ती पेटी मी पुढे एका लेखात वर्णन केली होती, म्हणून नीट लक्षात आहे. चारी कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे देऊन पेटी उचलली, म्हणजे खालून हवा खेळेल. ऊब एकाच टोकाला, तळाच्या तिसऱ्या हिश्शाला. बाकीचा भाग गार. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन बल्ब, डब्याला बाजूने भोकं, डबा आणि काच यांच्यात दोन बोटांची फट. दोन्ही बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज वाटली जाते आणि दोन्ही मंद जळतात. एक गेला तर दुसराही विझतो. हे मामांना पटलं नाही.

"एक गेला तर दुसऱ्यानं तरी जळाया पायजे की."

"नको," बाई म्हणाल्या. "बिघडलंच तर गार होऊ दे, गरम नको. गारठ्याने ती सुस्तावेल, आपल्याला दिवसभराचा वेळ मिळेल. उष्णता वेळ देत नाही."

मामांनी मान हलवली.

थर्मामीटर तळाच्या काचेवर आडवं. तळाला वाळू नको, कारण साप वाळू उकरून थेट तापल्या काचेवर जातो, त्याऐवजी वर्तमानपत्र. माझं वर्तमानपत्र त्यासाठी घेतलं गेलं. मामा म्हणाले, "पेपरवाले, तुमचा अग्रलेख पावणीनं लय येळ वाचला बगा. झोपच लागली तिला." लपायला दोन फुटकी गाडगी, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, नाहीतर साप लपण्यासाठी म्हणून भाजत राहतो. पाणी गार बाजूला. वायरी सगळ्या बाहेर. झाकण जाळीचं.

"पळाया जागा पायजे," मामांनी सगळ्याचा एका वाक्यात निकाल लावला. त्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं.

आणि साप आत सोडण्याआधी दिवसभर पेटी रिकामी चालवून पाहायची. हा नियम त्यांना सगळ्यांत आवडला. ते पेटीशेजारी बसले, तंबाखू मळली, तासातासाला आत उलटा हात घालत राहिले. पेव उघडून बसल्यासारखे. संध्याकाळी म्हणाले, "आता सोडू."

त्या थंडीत त्यांच्या घरी कुणी गेलं की प्रथम पेटीकडे नेत. उलटा हात लावायला लावत. "हिकडं लावा. आता तिकडं लावा. कळला का फरक?" मामी वैतागत. "घरात साप ठिवलाय, कोण यील का आपल्याकडं?"

"तसंबी कोण येतंय?" मामा म्हणत.

एकदा दिवसभर वीज गेली. बाहेर धुकं विरलं नव्हतं. शेजाऱ्याने कळकळीने घमेल्यात निखारे आणले. "मामा, ह्ये ठिवा पेटीखाली, तवर जीव धरंल."

मामांनी घमेलं त्याच्या हातातून घेतलं, अंगणात नेलं आणि त्यावर कळशी ओतली. वाफेचा लोट उठला. शेजारी रागावून म्हणाला, "आवं चांगलं करायला जावं तर—"

"चांगलंच करायला ग्येलो हुतो म्याबी," मामा म्हणाले.

गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून पेटीच्या एका अंगाला बाहेरून टेकवली आणि वीज येईपर्यंत पाणी बदलत राहिले. पावणी जगली. होळीच्या आसपास तिने कात टाकली. फावड्याची जखम आणि भाजल्याचा डाग दोन्ही पुसट झाले. बाई, वनखात्याचा माणूस आणि मामा तिला नदीकाठच्या उसात सोडून आले. मामा म्हणाले, "मागं वळून बगितलं न्हाई तिनं. चांगलं झालं." पेटी त्यांनी पुसून पडवीत ठेवली. डबा, बल्ब, वायरी तशाच.

पुढची थंडी आली. मामी माणातून परतल्या त्या धास्तावून. जावयाने दुसरं लग्न केलं होतं. त्याची ती बायको दुसऱ्या खेपेला तिथेच, सासरी बाळंत झाली होती. मामींनी सांगितलं, पुढल्या खोलीत बाज घातलीय, खाली कोळशाची शेगडी आहे, खिडकीला गोधडी लावलीय. "म्या म्हनलं त्यास्नी, तर म्हनलं, आमच्यात आसंच करत्यात, तुमच्यागत लिंपून घेत न्हाई आमी."

मामा त्याच दिवशी आमच्या पेपरच्या कचेरीत आले. कचेरीची पायरी ते कधी चढले नव्हते.

"पेपरवाले, तुमी माणात कवा जानार?"

पाण्याच्या टँकरांवर लिहिण्यासाठी मला त्या भागात जायचं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीची जीप घेऊन निघालो. विटा गेलं, मायणी गेली, उसाचा हिरवा रंग संपला, माळ सुरू झाला. मामांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेला बिस्किटाचा डबा होता. वाटेत ते एवढंच म्हणाले, "पोरगी दिसंल का न्हाई, कुणास ठावं. दिसली तर दिसली. आधी खोली."

व्याही ओसरीवर घोंगडं पांघरून बसले होते. त्यांनी मामांना ओळखलं आणि उठले नाहीत.

"कोण बोलावलं तुमास्नी?"

"कुणी न्हाई. आपल्या मनानं आलो."

"तुमच्या मनानं लय झालं आमचं."

मामा अंगणातच उभे राहिले. चप्पल काढली नाही, कारण वर या असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी पंचा सोडून डबा दाखवला. "ह्ये बाजेखाली ठिवा. इजंवर चालतंय. धूर न्हाई, वायू न्हाई."

व्याह्यांनी डब्याकडे पाहिलं. "पेपरात आलं हुतं. वाचून दावलं मला पोरानं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "सापाला जमलं तुमास्नी. लेकीला न्हाई जमलं."

मी मामांकडे पाहिलं नाही. जीपचा ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला.

"खरं हाय," मामा म्हणाले.

आतून विहीणबाईंचा आवाज आला. "सापाखालचं बाळंतिणीखाली? न्ह्या ते भाईर!"

मामांनी डबा जमिनीवर ठेवला. "बरं, ह्ये नगं. पर गोधडी काढा. शिव्या द्या मला, कितीबी द्या, हितं हुबा हाय मी. गोधडी तेवढी काढा."

"वारा लागंल बाळंतिणीला," व्याही म्हणाले. "आन इस्तू चांगला फुललाय आत. हवा नसती तर फुलला आसता का? तुमीच सांगा, पेवातलं मानूस तुमी."

"त्योच घात हाय वं!" मामांचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्याबी त्येच म्हनलं. इस्तू फुललाय म्हनून दार लावलं म्या. पेवात दिवा विझतो, खोलीत न्हाई विझत. शेगडी विझायच्या आधी मानूस विझतंय. मी बगितलंय. माझ्या डोळ्यांनी बगून दार लावलंय म्या."

मग बंद दारामागून बाळंतिणीचा आवाज आला. क्षीण, लाजल्यासारखा.

"आत्ती, सकाळधरनं माझं डोस्कं लय दुकतंय. मळमळतंया. म्हनलं, कशाला सांगावं."

व्याही उठले. घोंगडं तिथेच पडलं. दार उघडलं, सुनेला आणि बाळाला बाहेर उन्हात आणलं, शेगडी अंगणात आली. सुनेचा चेहरा लालबुंद होता. काही वेळाने तिला उलटी झाली, मग पाणी प्यायली, मग बाळाला घेतलं. व्याही खांबाला धरून उभे होते.

मामा आत गेले नव्हते. ते भिंतीपाशी उभे होते. कोपऱ्यातली पहार त्यांनी उचलली आणि विचारलं, "पाडू?"

व्याह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मामांनी अंगणाकडच्या भिंतीतली, छपराच्या जरा खालची एक वीट काढली. उजेडाचा पट्टा आत पडला. मग जमिनीजवळची एक काढली. त्यांनी दोन्ही ठिकाणी उलटा हात धरून पाहिला.

तेवढ्यात एक मुलगी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. कंबरेच्या वर आली होती.

"काय बगताय?" तिने विचारलं.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरला, उलटा केला आणि खालच्या भोकासमोर ठेवला. "वारा लागतोय का?"

"लागतोय."

"रोज बगायचं. आसाच उलटा हात. शेगडी आत आसू दे न्हाईतर नसू दे. ज्या दिवशी लागनार न्हाई, त्या दिवशी बोंब मारायची. मोठ्यानं. कुणी रागावलं तरी."

"मारीन. तुमी कोण?"

व्याही दोन हातांवर उभे होते. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हाताची माती पंच्याला पुसली.

"गवंडी हाय मी," ते म्हणाले.

डबा घेऊन ते जीपमध्ये बसले. मायणी मागे पडली. मग म्हणाले, "कपाळ शालनचंच हाय." विट्यात आम्ही चहाला थांबलो. त्यांनी पेल्याला उलटा हात लावला आणि तो तसाच ठेवला. चहा गार झाला.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बाजार अर्धा दिवस बंद होता. पंचा त्यांच्यासोबत जाळला. तोही पिवळाच होता. बाई आल्या होत्या. मामींनी त्यांना पडवीतली काचेची पेटी कॉलेजला न्यायला सांगितलं.

माणात निरोप द्यायचा होता. मामी म्हणाल्या, "सांगा न्हाईतर नका सांगू. तेंच्या लेखी कोण हुतं?" मी गेलो.

व्याही ओसरीवरच होते. घराला नवा चुना दिला होता. भिंत पांढरीशुभ्र होती आणि त्यात त्या दोन विटांच्या जागा उघड्याच होत्या. कडा सिमेंटने नीट गोल केल्या होत्या. खालच्या भोकापाशी, मुलीचा हात टेकेल तेवढ्या जागी, चुना घासून गेला होता.

मी काय घडलं ते सांगितलं. व्याह्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी हाक मारली.

"अश्विनी, आंगूळ कर जा."

मुलगी आतून आली. "सकाळी केली की."

"परत कर. सुतक हाय तुला. तुजं आजोबा ग्येलं."

"कोणतं आजोबा?" तिने विचारलं. तिला तेच एक आजोबा माहीत होते, आणि ते समोर बसले होते.

व्याह्यांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. त्या भोकाकडे.